डाव्या हाताची साथ

आपल्याकडच्या हार्मोनियमवादकाचा डावा हात गेली शंभर-सव्वाशे वर्षे भाता मारतो आहे. स्वर उजव्या हाताचे आणि हवा डाव्या हाताची, अशी ही वाटणी. मैफलीत दाद मिळते ती उजव्या हाताच्या फिरतीला. डाव्या हाताने दम धरला नाही तर सूर मरतो, हे फक्त वाजवणाऱ्याला कळते. १९८० नंतर हळूहळू घराघरांत इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले. कंपनी कोणतीही असो, आपण त्यांना सरसकट ‘कॅसिओ’ म्हणू लागलो. या वाद्याला भाता नव्हता. भात्याचे काम विजेने घेतले आणि डावा हात रिकामा झाला. मग यंत्राने त्याला नवे काम दिले. तू एक पट्टी दाबून धर. ड्रम, बेस, गिटार आणि कॉर्ड, सगळे मी वाजवतो.

या सोयीला ऑटो अकम्पनिमेंट म्हणतात, म्हणजे आपोआप मिळणारी साथ. गाण्या-बजावण्याच्या वर्तुळात तिच्याविषयी दोन मते ऐकू येतात. काहींना ती नवशिक्याची चैन वाटते, काहींना शुद्ध फसवणूक. मला या वादापेक्षा तिचा इतिहास अधिक ओढतो. त्या एका पट्टीखाली जी साथ भरलेली आहे, ती कधीतरी कुणीतरी माणसाने रचलेली आहे. त्याआधी कित्येक पिढ्यांच्या वादकांनी ती वाजवून घोटलेली आहे. यांपैकी बहुतेकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. ती शोधायला निघालो की व्हिएन्ना, कोलकाता, गोवा, मुंबई, ओसाका आणि जमैका अशी वाट धरावी लागते.

भाता आणि बटण

हार्मोनियम मूळची युरोपातली. पॅरिसच्या अलेक्झांडर दब्यां याने १८४० च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. ती खुर्चीवर बसून वाजवायची आणि हवा पायांनी भरायची. त्यामुळे दोन्ही हात मोकळे असत. उजवा चाल वाजवी, डावा खालच्या सप्तकात कॉर्ड धरी. कॉर्ड म्हणजे एकाच वेळी वाजणारे किमान तीन स्वर. सा, ग, प एकत्र दाबले की मेजर कॉर्ड झाली. त्यातला गंधार कोमल केला की मायनर. चाल तीच राहते, तिच्याखाली कॉर्ड बदलत जातात आणि एकच स्वर कधी उजळ वाटतो, कधी उदास. पाश्चात्त्य संगीताची निम्मी कहाणी या डाव्या हातात आहे.

ही पेटी इंग्रजी अमलात भारतात आली. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात तिला हाताने हवा भरण्याची सोय केली, असे श्रेय त्यांना दिले जाते. पायाचे काम हाताकडे आले, खुर्ची गेली आणि पेटी जमिनीवर बसली. आपले गवई, कव्वाल, भजनी मंडळे हे सारे बैठकीतले लोक, त्यांना ती चटकन मानवली. शिवाय आपल्या रागसंगीताला एका वेळी एकच स्वर लागतो आणि त्याच्याखाली तानपुऱ्याचा षड्ज घुमत असतो. कॉर्डसाठी हात राखून ठेवण्याची गरजच नव्हती. डावा हात भात्याला दिला म्हणून संगीताचे काही अडले नाही.

याच्या बरोबर उलटी गोष्ट अकॉर्डियनची. सिरिल डेमियन या आर्मेनियन वंशाच्या वाद्यकाराने १८२९ मध्ये व्हिएन्नात त्याचे पेटंट घेतले. त्याच्या पहिल्या वाद्यात डावा हात बटणे दाबी आणि उजवा हात भाता ओढी. त्यातले एक बटण दाबले की एकटा स्वर वाजत नसे, अख्खी कॉर्ड वाजे. ‘अकॉर्डियन’ हे नाव त्यावरूनच पडले. म्हणजे एका बोटात पूर्ण कॉर्ड ही कल्पना कॅसिओच्या दीडशे वर्षे आधीची आहे. पुढे अकॉर्डियनला उजवीकडे पट्ट्या मिळाल्या आणि डावीकडे बटणांच्या रांगा आल्या. एक रांग बेसची, एक मेजरची, एक मायनरची, एक सेव्हन्थची. आजच्या कीबोर्डवरच्या डाव्या हाताचा नकाशा तिथेच आखला गेला होता.

मराठी संगीत नाटकात मात्र एक वेगळाच प्रयोग झाला. तिथे पायाने हवा भरायचा ऑर्गन रमला, म्हणजे दोन्ही हात मोकळे होते. तरी नाट्यपदाच्या साथीत डावा हात बहुधा तीच चाल खालच्या सप्तकात धरी, नाहीतर षड्ज-पंचमाचा भरणा करी. हात मोकळा होता, पण कॉर्डची भाषा आपल्या कानात नव्हती. आपल्या कानात साथ म्हणजे गायकाच्या मागोमाग जाणे होते. गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला उस्ताद अहमदजान थिरकवा बसत. बालगंधर्वांसमोरच्या रसिकांना तबल्यावर कोण आहे हे पक्के ठाऊक असे. साथीदाराला नाव होते आणि ते नाव ऐकून लोक येत.

कॉर्ड मुंबईत आली

कॉर्डची भाषा आपल्या कानात घातली ती गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज काळापासून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. ही मुले मोठी झाली की पोटासाठी मुंबई गाठत. हॉटेलांतल्या जॅझ बँडांत, जहाजांवर, मूकपटांच्या थिएटरांत त्यांना काम मिळे. बोलपट आल्यावर ती स्टुडिओत शिरली.

त्या काळातले बहुतेक संगीतकार पेटीवर चाल बांधत. चालीखाली कोणत्या कॉर्ड बसतील, दोन कडव्यांच्या मध्ये व्हायोलिनचा ताफा काय वाजवील, हे कागदावर उतरवण्याचे काम अरेंजरचे. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांसोबत चिक चॉकलेट होते. त्यांचे खरे नाव अंतोनियो झेवियर वाझ. १९५१ च्या ‘अलबेला’त ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसूझा होते. फ्रँक फर्नांड होते, अँथनी गोन्साल्विस होते. अकॉर्डियनवर पारशी गुडी सीरवाई आणि पुण्याचे एनॉक डॅनियल्स होते. म्हणजे संगीतकाराचा उजवा हात चाल बांधी आणि त्याचा न दिसणारा डावा हात या मंडळींचा असे.

पडद्यावर संगीतकाराचे नाव मोठ्या अक्षरांत येई. अरेंजरचे आलेच तर ‘सहायक’ म्हणून. मजुर्द्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले होते. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला. त्यातल्या गाण्यात हे नाव गुंफून लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतल्या शिष्याने गुरूला सलाम केला. देशभर पोरासोरांच्या तोंडी ते नाव झाले. या नावाचा एक खरा माणूस आहे आणि आपण लहानपणापासून ज्या गाण्यांवर वाढलो त्यांच्या मागे तो उभा होता, हे मात्र फार थोड्यांना माहीत होते.

तालाच्या बाजूने एक सुखद अपवाद सापडतो. शंकर-जयकिशन यांच्या ताफ्यात दत्ताराम वाडकर ताल सांभाळत. ढोलकीवर त्यांनी बसवलेली एक चलन वादकांत इतकी रुजली की तिला ‘दत्तू ठेका’ म्हणू लागले. आजही जुना वादक ‘इथे दत्तू ठेका धर’ असे सहज सांगतो. तालाला वाजवणाऱ्याचे नाव मिळावे, यापेक्षा मोठी श्रेयनामावली कोणती? हा ठेका लक्षात ठेवा, कारण पुढे ज्या तालांची गोष्ट येते त्यांच्या नशिबी असे नाव नव्हते.

‘साथीदार’ नावाचे यंत्र

तिकडे अमेरिकेत वेगळी गरज निर्माण झाली होती. मध्यमवर्गीय घरांत विजेवरचे ऑर्गन आले होते. लॉरेन्स हॅमंड याचा ऑर्गन १९३५ पासून बाजारात होता. संध्याकाळी कामावरून आलेल्या माणसाला त्यावर एखादे गाणे वाजवायचे असे, पण डाव्या हाताने कॉर्ड धरायला वर्षानुवर्षांचा रियाज लागतो. म्हणून हॅमंडने १९५० मध्ये ‘कॉर्ड ऑर्गन’ काढला. त्यात डावीकडे अकॉर्डियनसारखी बटणे होती. कॉर्डचा प्रश्न सुटला, तालाचा राहिला.

१९५९ मध्ये वुर्लिट्झर कंपनीने ‘साइडमन’ आणला. ऑर्गनशेजारी ठेवायची ती एक लाकडी पेटी होती. आत एक चकती फिरे, तिच्यावरच्या संपर्कबिंदूंवरून काटा सरके आणि विजेचे ठोके ड्रमचा आवाज काढत. फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, टँगो, रुंबा असे बारा ताल त्यात होते. नाव मोठे बोलके होते. जॅझ बँडात मुख्य वादकाच्या मागे वाजवणाऱ्याला साइडमन म्हणतात. आपल्या भाषेत साथीदार. माणसाचा हुद्दा उचलून यंत्राला दिला गेला आणि त्यात कुणाला काही वावगे वाटले नाही.

जपानची वाट याच सुमारास या कहाणीला मिळते. १८८७ मध्ये हमामात्सु गावातल्या एका शाळेचा अमेरिकन बनावटीचा रीड ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाचा कारागीर आला. दुरुस्ती करता करता त्याला वाद्याचे अंतरंग कळले आणि त्यातून यामाहा कंपनी उभी राहिली. कोलकात्यात जवळपास त्याच काळात त्याच जातीच्या वाद्याला हातभाता लागत होता. एका देशात ती पेटी जमिनीवर बसली, दुसऱ्या देशात ती कारखान्यात गेली. यामाहाने १९५९ मध्ये आपला पहिला विजेचा ऑर्गन ‘इलेक्टोन’ बाजारात आणला.

ओसाकाचे इकुतारो काकेहाशी यांचा जन्म १९३० चा. आईवडील लहानपणीच गेले, पुढे क्षयाने गाठले, घड्याळे आणि रेडिओ दुरुस्त करून त्यांनी पोट भरले. १९६० मध्ये त्यांनी एस इलेक्ट्रॉनिक्स सुरू केली आणि १९६७ मध्ये ‘ऱ्हिदम एस’ हे बटणांचे तालयंत्र काढले. १९७२ मध्ये त्यांनी रोलँडची स्थापना केली. आपल्या गावोगावच्या ऑर्केस्ट्रात जो ‘ऑक्टापॅड’ काठ्यांनी बडवला जातो, तो १९८५ पासूनचा रोलँडचाच. लग्नाच्या मांडवात ऑक्टापॅड वाजवणाऱ्या कित्येक पोरांना काकेहाशी हे नाव माहीत नसेल, पण त्यांच्या रोजीरोटीत त्या माणसाचा वाटा आहे.

१९७१ मध्ये बार्बी बाहुलीवाल्या मॅटेलने ‘ऑप्टिगन’ नावाचे वाद्य काढले. त्यात पारदर्शक तबकडी बसवायची. डावीकडचे कॉर्डचे बटण दाबले की प्रकाशाच्या मदतीने तबकडीवरची साथ ऐकू येई. ती साथ खऱ्या वादकांनी खऱ्या वाद्यांवर वाजवून मुद्रित केलेली होती. ती माणसे आता बटणाच्या आत राहायला गेली होती.

मग चिप आली आणि किंमत कोसळली. कॅसिओ ही मूळची हिशेबयंत्रांची कंपनी. १९८० मध्ये तिने ‘कॅसिओटोन २०१’ आणला. पुढच्या वर्षी ‘एमटी-४०’ हा मांडीवर मावणारा कीबोर्ड आला. त्यातले ताल आणि बेस रचण्याचे काम हिरोको ओकुदा या तरुणीकडे होते. संगीतशास्त्र शिकून ती नुकतीच नोकरीला लागली होती आणि तिच्या अभ्यासाचा विषय जमैकाचे रेगे संगीत होता. तिने रचलेल्या एका चलनीच्या बटणावर ‘रॉक’ असे छापले गेले.

हा कीबोर्ड फिरत फिरत जमैकात पोचला. १९८५ मध्ये गायक वेन स्मिथ आणि निर्माता किंग जॅमी यांनी तीच चलन संथ करून ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे केले. किंग्स्टनच्या रस्त्यांवर ते असे गाजले की जमैकाच्या नाचगाण्याचा बाजच बदलला. माणसांचे बँड मागे पडले आणि यंत्राच्या तालावर शेकडो गाणी निघाली. रेगेच्या प्रेमात पडलेल्या जपानी मुलीने रचलेला ठेका रेगेच्या मायदेशी जाऊन तिथला पाया बनला. दत्तारामांच्या ठेक्याला दत्तारामांचे नाव मिळाले होते. ओकुदांच्या ठेक्याला बटणावरचे ‘रॉक’ मिळाले. त्यांचे नाव जगापर्यंत पोचायला बराच काळ जावा लागला.

एका बोटात काय घडते

आता जरा यंत्राच्या आत डोकावू. साथ चालू केली की कीबोर्डच्या पट्ट्यांची दोन राज्ये होतात. डावीकडचे साधारण दीड सप्तक साथीसाठी राखीव होते, उरलेल्या पट्ट्या चालीसाठी. डावीकडे पट्टी दाबली की तिच्यावरून कॉर्ड कोणती ते यंत्र ठरवते. कॅसिओच्या पद्धतीत एक पट्टी म्हणजे मेजर. तिच्या उजवीकडची आणखी कोणतीही एक दाबली तर मायनर, दोन दाबल्या तर सेव्हन्थ, तीन दाबल्या तर मायनर सेव्हन्थ. यामाहाच्या पद्धतीत मूळ पट्टीसोबत डावीकडची जवळची काळी दाबली तर मायनर आणि डावीकडची जवळची पांढरी दाबली तर सेव्हन्थ. एका कंपनीचा कीबोर्ड शिकलेला मुलगा दुसऱ्या कंपनीच्या वाद्यावर बसला की सुरुवातीला गोंधळतो तो यामुळे.

कॉर्ड ओळखली की यंत्र आपल्या पोटातली ‘स्टाइल’ काढते. स्टाइल म्हणजे ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिन यांची एक-दोन किंवा चार मात्रागटांची तयार रचना. ती एकाच पट्टीत साठवलेली असते. आपण दाबलेल्या कॉर्डप्रमाणे यंत्र तिचे स्वर क्षणात सरकवते. सुरुवातीचा तुकडा, मधली भर, शेवटचा समारोप यांना वेगवेगळी बटणे असतात. याखेरीज ‘फिंगर्ड’ नावाची दुसरी पद्धत आहे. तिच्यात तिन्ही स्वर आपल्या बोटांनी धरावे लागतात.

हे सगळे सिनेगीताला उत्तम चालते, कारण त्या गीताखाली गोव्याच्या अरेंजरांनी आधीच कॉर्ड घालून ठेवल्या आहेत. अडचण येते ती रागाची चाल वाजवताना. भूप घ्या. सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर. खाली सा-ग-प धरले तर चाल प्रसन्न वाटते. त्याच चालीखाली ध-सा-ग धरले तर ती मायनर होऊन हुरहुर लावते. राग तोच, भाव दोन. कोणता खरा, हे वाजवणाऱ्याने ठरवायचे असते.

मालकंसात तर यंत्र उघडच चुकते. या रागात पंचम वर्ज्य आहे. आपण सा च्या पट्टीवर एका बोटाची मायनर कॉर्ड मागितली की यंत्र सा, कोमल ग आणि त्यांच्यासोबत पंचमही वाजवते. आपण पंचमाला हातसुद्धा लावलेला नसतो, तरी राग मोडतो. त्यावर उपाय आहे. ‘फिंगर्ड’ पद्धतीत मध्यम, कोमल धैवत आणि वरचा षड्ज धरावा, किंवा कोमल धैवत, षड्ज आणि कोमल गंधार धरावा. या दोन्ही कॉर्डमध्ये मालकंसाबाहेरचा स्वर नाही. मग साधी, मोजक्या स्वरांची स्टाइल निवडली की काम भागते. पण यासाठी तीन बोटे लागतात आणि राग ठाऊक असावा लागतो. एका बोटाच्या सोयीत हा विचार यंत्र आपल्या वतीने करून टाकते.

पट्ट्यांच्या वाद्याने आपल्या स्वरांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न आमच्या सांगली-मिरजेला नवा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केले. श्रुती मोजण्याच्या त्यांच्या खटाटोपात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा गळा कामी आला. इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमेंट्स यांच्या साथीने श्रुतींची खास हार्मोनियमही घडवली गेली. ती रुळली नाही. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७० च्या दशकाच्या उंबरठ्यापर्यंत टिकली. पट्टीतून मींड निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज असतात, हा आक्षेप होता. पेटीवाले तरी पेटी वाजवत राहिले, लोक ऐकत राहिले.

अरब जगातही हाच पेच पडला. रास्त मकामातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्ये कुठेतरी बसतो. १९३२ मध्ये कैरोत अरब संगीताची मोठी परिषद भरली. बेला बार्तोकसारखे युरोपीय संगीतकार तिथे हजर होते. पियानो अरब संगीतात घ्यावा की नाही, यावर तिथे वाद झडले. पुढे कीबोर्ड आले तेव्हा तिथल्या वादकांना पाव स्वर सोडणे मान्य नव्हते. म्हणून कंपन्यांनी अरब बाजारासाठी खास कीबोर्ड काढले. त्यांत बटण दाबून हवा तो स्वर पाव स्वराने उतरवता येतो. भारतासाठीच्या मॉडेलांत तबला, ढोलक, तानपुरा आले; कहरवा, दादरा आले. ग्राहक जे मागतो ते यंत्रात येते. म्हणून काय मागायचे हे आधी आपल्याला उमगले पाहिजे.

दाद

आमचे मामू एका ऑर्केस्ट्रात ढोलक वाजवत. लग्नसराई, उरूस, गणपती, शिवजयंती, बारा महिने काम असे. एका गाडीत दहा-बारा माणसे कोंबून ही पार्टी जिल्हाभर फिरे. दोन ढोलक-तबलेवाले, एक काँगो, एक ड्रम, अकॉर्डियन, गिटार, बेस, व्हायोलिन. १९९० नंतर पार्टी आटत गेली. आधी अकॉर्डियन गेले, मग बेस, मग तालवाले एकेक करून कमी झाले. शेवटी एक कीबोर्ड, एक ऑक्टापॅड आणि दोन गायक एवढ्यावर कार्यक्रम होऊ लागला. मालकाला मामू दोष देत नसत. सुपारी तेवढीच राहिली आणि डिझेल महाग झाले, तर तो तरी काय करणार, असे म्हणत. मी एकदा विचारले की यंत्राचा ताल तुमच्यापेक्षा पक्का असतो ना. ते म्हणाले, ‘ताल चुकत नै, वो सही है. पर मशीन कू दाद देना नै आता.’

या एका वाक्यात साथ म्हणजे काय ते सगळे आले. गायकाने एखादी जागा सुरेख घेतली की ढोलकवाला मान हलवतो, पुढच्या समेवर थोडा जोर देतो, गायक आणखी खुलतो. गायकाचा श्वास अडला तर तो अर्धी मात्रा सांभाळून घेतो. यंत्र डाव्या हाताचा हुकूम पाळते. उजव्या हाताचे किंवा गळ्याचे काय चालले आहे, ते त्याला ऐकू येत नाही.

पोटावर पाय आला की वादक जगभर बोलले आहेत. मुद्रित संगीताने काम जाते म्हणून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने १९४२ मध्ये रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, तो दोन वर्षांहून अधिक चालला. १९८२ मध्ये ब्रिटनच्या संघटनेच्या लंडनमधल्या एका शाखेने सिंथेसायझर आणि ताल-यंत्रांवर बंदीचा ठराव केला. आमच्या मामूंची संघटना नव्हती, ठराव नव्हता. त्यांनी ढोलक खुंटीला लावले आणि मेहुण्याच्या गॅरेजात बसू लागले. अशा किती जणांनी खुंटी शोधली, याची नोंद कुठे नाही.

तरी यंत्राला खलनायक ठरवणे मला पटत नाही. रियाजाला बसलेल्या एकट्या मुलीला रात्री दहा वाजता तबलजी कुठून मिळणार? बेंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विजेचा तानपुरा तयार केला तो याच गरजेतून. आज मोठमोठे गवई प्रवासात तो सोबत ठेवतात. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तानपुरे घडवणाऱ्या सतारमेकर घराण्यांनाही या पेटीशी जमवून घ्यावे लागले आहे. कीबोर्डने तर गरीब वस्तीतल्या मुलांच्या हातात अख्खा वाद्यवृंद दिला. सात-आठ माणसांची पार्टी उभी करण्याची ज्याची ऐपत नाही, तो पोरगा आज एकटा कार्यक्रम करतो. मामूंचे काम ज्या सोयीने गेले, तिनेच त्याला काम दिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी पुसली जात नाही.

गेली काही वर्षे मी मोहल्ल्यातल्या मुलामुलींना संध्याकाळी कीबोर्ड शिकवतो. पहिले तीन महिने साथीचे बटण बंद ठेवायचे, हा एक नियम आहे. डाव्या हाताने सा-ग-प, म-ध-सा, प-नि-रे या तीन कॉर्ड तिन्ही बोटांनी धरायच्या आणि पायाने मात्रा मोजायची. बोटे दुखतात, पोरे कुरकुरतात. चालीखाली कॉर्ड बदलली की गाण्याचा रंग कसा पालटतो, ते एकदा कानाला कळले की कुरकुर थांबते. त्यानंतर साथ चालू करू देतो, पण ‘फिंगर्ड’ पद्धतीवर. एक बोट अगदी शेवटी, आणि ते का काम करते हे सांगूनच.

दुसरा नियम नावांचा आहे. जुने सिनेगीत शिकवताना संगीतकारासोबत अरेंजर कोण, ढोलक कुणाची, अकॉर्डियन कुणाचे, जेवढे माहीत आहे तेवढे वहीत लिहून घ्यायचे. परवा नववीतल्या एका मुलीने वहीत कहरव्याच्या स्टाइलचे नाव लिहिले आणि पुढे रकाना रिकामा ठेवला. मी कारण विचारले, तर म्हणाली, ‘सर, ही कोणी वाजवली ते कीबोर्डवर लिहिलंच नाही.’ मी तो रकाना तसाच राहू दिला आहे.